महालक्ष्म्यांचं सोनं आणि हबीबभाईचं नाव

महालक्ष्म्यांचे दोन्ही मुखवटे आमच्याकडे वर्षभर गव्हाच्या कोठीत असतात. पितळेचे आहेत, माझ्या सासूच्या सासूच्या वेळचे. भाद्रपद लागला की मी कोपरापर्यंत हात गव्हात घालते आणि चाचपडते. आधी नाक लागतं, मग हनुवटी. गहू थंड असतात, पितळ त्याहून थंड. बाहेर उकाडा असतो. कपाशीची पऱ्हाटी पात्यांवर आलेली असते, मूग तोडून झालेला असतो, उडदाच्या शेंगा ओसरीत पसरलेल्या असतात आणि ढग नुसते येऊन उभे राहतात. यंदाही तसंच आहे. यंदाही हात घातला, नाक लागलं, आणि मला सहा वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवला. दरवर्षी आठवतो. तो विसरावा असं मला वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. चार बुकं शिकलेली आहे, तेवढ्यात जमेल तसं.

पिंपळगाव राजा ह्या गावापासून दोन कोसांवर आमचं गाव. आमच्या भावकीत सात घरं, पण महालक्ष्म्या बसतात एकाच घरी, आमच्या. त्यामुळे एक रीत पडली होती. प्रत्येक घरानं आपला एक दागिना द्यायचा. कुणी पोत द्यायची, कुणी एकदाणी, कुणी नथ. सणाचे दिवस तो दागिना महालक्ष्मीच्या अंगावर राही आणि महालक्ष्म्या उठल्या की ज्याचा त्याला परत जाई. देवीच्या अंगावरून आलेला दागिना वर्षभर बाईला सुखाचा, अशी समजूत.

दुसरी रीत अशी की महालक्ष्म्यांसाठी बाजूला काढून ठेवलेलं मध्येच उघडायचं नाही. आंबिलीचं ज्वारीचं पीठ भिजवलं की वर झाकण. फुलोऱ्याच्या करंज्या तळल्या की वर झाकण. घरभर वास सुटतो, लेकरं डब्याभोवती फिरतात, पण सोवळ्यात ठेवलेलं सोवळ्यातच उघडायचं. माझ्या सासूनं एकदा माझ्या हातावर झारा मारला होता, करंजी मोडून पाहिली म्हणून. तेव्हा मी नवी नवरी होते. पुन्हा कधी झाकणाला हात लावला नाही.

हबीबभाई पिंपळगावचा कलईवाला. पोळा झाला की दोन-तीन दिवसांत यायचा. लिंबाखाली खड्डा करायचा, त्याला भाता जोडायचा, कोळसा लाल झाला की आमचे मोठे गंज, म्हणजे पितळी पातेली, एकेक करून त्यावर धरायचा. नवसागर टाकला की पांढरा धूर उठे आणि घशात बसे. मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाचा बोळा गरकन फिरवला की गंजाच्या पोटात आपलं तोंड दिसायला लागे. रोजच्या स्वयंपाकाला सगळ्यांकडे स्टील आलं, तरी शंभर पानांची आंबील पितळी गंजातच होते, आणि बिनकलईच्या गंजात आंबील कळकते. म्हणून त्याचं काम टिकून होतं.

मुखवटे तो शेवटी घ्यायचा, नळावर हात धुऊन.

"बाई, तुमच्या माया आल्या का माह्याकडं आंघोळीले?"

"आल्या. नीट घासजा. मांगच्या वर्षी कानामांगं काळं राह्यलं होतं."

"कानामांगं कोन पाह्यते, बाई?"

"मी पाह्यतो."

मग तो हसायचा आणि कानामागे दोनदा घासायचा. असं वीस-बावीस वर्षं चाललं होतं.

त्या वर्षी पोळा होऊन पाच-सहा दिवस झाले तरी तो आला नाही. मुखवटे काळे, गंज काळे, आणि महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायच्या. दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. तिशीचा असेल. पांढरा शर्ट, पायात बूट, खांद्याला बॅग. भाता नाही, कोळसा नाही. माझी सून ज्योती आत कढईजवळ करंज्या तळत होती. मी ओसरीत होते.

"मावशी, सणाचे भांडे चमकवून द्यायचे काय? पैसे नाही घेत. पावडर नवीन आली आहे, पाहून घ्या फक्त."

"आमचा मानूस ठरेल आहे."

"कोन मानूस?"

"हबीबभाई. पिंपळगावचा."

"अरे, हबीबचाचा! त्याहीनंच तं धाडलं मले. त्याहीची तब्येत बरी नाही ना यंदा."

"काय झालं त्याहीले?"

"तुम्हाले तं मालूमच आहे त्याहीचं दुखनं."

"गुडघे?"

"गुडघेच. उठनं होऊन नाही राह्यलं."

मी त्याला आत घेतलं आणि पाणी दिलं. त्यानं बॅगेतून गुलाबी पावडर काढली, ओल्या फडक्यावर घेतली आणि हा हा म्हणता मुखवटे उजळले. कानामागे आधी घासलं त्यानं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हबीबभाईनं पोराला शिकवून धाडलेलं दिसतं. मग त्यानं माझी चांदीची जोडवी चमकवली. मग म्हणाला, "सोनंही काढून ठेवा, मावशी. भाद्रपदाच्या दमट हवेनं सोनं मळते."

ज्योतीच्या गळ्यात गहूपोत होती. गव्हाच्या दाण्यांसारखे सोन्याचे मणी. तिच्या आईनं बकऱ्या पाळून, एकेक बकरी विकून ती केली होती आणि लेकीच्या लग्नानंतर दीड वर्षात ती बाई गेली. ज्योतीकडे आईचं म्हणून एवढंच होतं.

ती कढईजवळूनच म्हणाली, "आत्याबाई, सोनं राहू द्या. माह्या पोतीले काही झालं नाही."

"काही झालं नाही? मन्यामन्यात मळ बसला आहे. लक्ष्मीच्या गळ्यात असं घालतेत काय?"

"मी घरीच रिठ्यानं धुते."

"काढ म्हनलं ना."

तिनं काढली. मी माझ्या दोन पाटल्या काढल्या. भावकीचे दागिने दुसऱ्या दिवशी यायचे होते, म्हणून वाचले. त्यानं आमच्या देखत सोनं एका लहान डब्यात टाकलं, वर हळद आणि कसलंसं पाणी ओतलं, काडीनं ढवळलं. एकदा माझ्याकडे पिण्याचं पाणी मागितलं, तेवढी मी उठले. परत आले तेव्हा डब्याला झाकण लागलेलं होतं आणि तो त्यावर लाल दोरा गुंडाळत होता.

"मावशी, आता हे सोवळ्यात ठेवा. उद्या महालक्ष्म्या बसायच्या टायमाले उघडा. आधी उघडलं तं सोन्याचं पानी उतरते."

हे ऐकून मला संशय यायला हवा होता. झालं उलटंच. मला तो माणूस रीतभात जाणणारा वाटला. हल्लीच्या पोरांना सोवळं म्हणजे काय ते कळत नाही, ह्याला कळतं, असं मी ज्योतीला म्हणालेसुद्धा.

डबा मी देवघरासमोर ठेवला आणि त्याला हळदीकुंकू वाहिलं. संध्याकाळी ज्योतीनं विचारलं, "पाहू काय एकदा?" सकाळी आंघोळ करून आली तेव्हा पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी तिला गप्प केलं. अख्खी एक रात्र आणि एक दिवस आम्ही त्या डब्याला वळसा घालून चालत होतो. तेवढ्या वेळात तो माणूस कुठल्या कुठे गेला असेल. त्याला पळायची घाईसुद्धा पडली नसेल. आम्हीच त्याच्यासाठी झाकणावर बसलो होतो.

संध्याकाळी भावकीच्या बाया आपापले दागिने मुठीत घेऊन आल्या. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. ज्योतीनं मुखवटे ताटात घेतले आणि ती पावलापावलावर थांबत आत आली.

"लक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?" बायांनी विचारलं.

"सोन्याच्या पावलानं आली," ज्योती म्हणाली.

मुखवटे बसवले आणि मी दोरा सोडला. आत हळदीचा चिखल होता आणि नदीतले सात-आठ खडे. ज्योतीनं चिखलात हात घातला, तळापर्यंत फिरवला, बाहेर काढला, पुन्हा घातला. रडली नाही. तिचा हात मनगटापर्यंत पिवळा झाला होता आणि ती त्या हाताकडे पाहत होती.

"कोन होता माय तो?" एकीनं विचारलं.

"हबीबभाईनं धाडला होता," मी म्हणाले.

तोंडातून शब्द निघाला आणि गडी माणसांपर्यंत गेला. माझा पुतण्या आणि आणखी तिघं मोटारसायकलींवर पिंपळगावला गेले. तासाभरात त्यांनी हबीबभाईला गावच्या पारावर आणलं, दोघांच्या मध्ये बसवून. पार आमच्या ओट्यावरून दिसतो. त्याचे गुडघे खरंच सुजलेले होते, त्याला गाडीवरून उतरता येईना. पायात चप्पल नव्हती. घालू दिली नसावी.

"बोल बे, कुठी लपवला त्याले?" पुतण्या म्हणाला. त्या माणसाला आमच्या गावात बे म्हणून कुणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"मी कोनालेच नाही धाडलं, भाऊ. मले एक पोरगी, ते मलकापुरात आपल्या सासरी. मी कोनाले धाडू?"

"मंग तुह्यं नाव त्याले कसं मालूम?"

हबीबभाईनं पाराभोवतीच्या माणसांतून इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला आमचा ओटा दिसला. "बाईले इचारा ना. बाई खोटं नाही बोलत. बाई, त्यानं माह्यं नाव घेतलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

मान हलवताना मला आठवत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. त्यानं विचारलं होतं, कोण माणूस. नाव मी दिलं. पिंपळगावही मी दिलं. गुडघेसुद्धा मीच दिले. त्यानं फक्त माझं मला परत केलं आणि मी ते त्याचं समजून घेतलं. पण एवढ्या लोकांत हे बोलले असते तर सून म्हणाली असती, गाव म्हणालं असतं, की म्हातारीनं स्वतःच्या हातानं सोनं दिलं. चोरांची टोळी होती, आतला माणूस फुटला होता, असं झालं की माझा मूर्खपणा कमी दिसत होता. म्हणून मान हलली.

त्याला दोन-चार धक्के बसले. मग कुणीतरी मध्ये पडलं. त्याचा भाता आणि कथलाची पेटी पुतण्यानं पिंपळगावहून उचलून आणली आणि गोठ्यात कुलूप लावून ठेवली. सोनं आण आणि घेऊन जा, म्हणाला.

महालक्ष्म्या तशाच जेवल्या. सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं. आंबील मात्र कळकली, गंजाला कलई नव्हती. पंगतीत माणसं आंबील वाटीत ठेवून उठली.

महालक्ष्म्या उठल्यावर आम्ही पोलिसांत तक्रार द्यायला गेलो, ज्योती आणि मी. जमादार वयानं मोठा होता, ऐकता ऐकता लिहीत होता. मध्येच त्यानं पेन थांबवला.

"आजी, कलईवाल्याचं नाव आधी कोणी घेतलं? त्यानं की तुम्ही?"

मी त्याच्या समोरच्या कागदाकडे पाहिलं.

"नाही, विचारतो यासाठी, की ह्या महिन्यात आणखी दोन गावांतून असंच आलं आहे. एका गावात सोनारानं धाडलं म्हणे, एका गावात गुरवानं. दर गावात नाव वेगळं. त्याला कसं माहीत सगळ्यांची नावं?"

ज्योती माझ्या शेजारी बसली होती. कढई ओसरीपासून चार हातांवर, तिनं प्रत्येक शब्द ऐकलेला होता. तिच्या आईची पोत गेली होती आणि तिनं एकच वाक्य बोलणं पुरेसं होतं. ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. चार दिवस ती गप्पच होती. मला तेव्हा कळलं की मीच ते बोलावं म्हणून ती वाट पाहत होती.

"मी घेतलं आधी," मी म्हणाले. "नाव मी देलं त्याले."

जमादारानं लिहिलं. मी खाली सही केली.

गोठ्याची किल्ली मी पुतण्याकडून मागून घेतली. त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं नाही. भाता आणि पेटी ऑटोत घालून आम्ही दोघी हबीबभाईच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तो खाटेवर होता, गुडघ्यांना फडकी बांधलेली. मी बसले नाही. म्हणाले, नाव त्या चोरानं नव्हतं घेतलं, मीच घेतलं होतं.

"हे मले काऊन सांगता, बाई? मले तं मालूमच आहे मी नाही धाडला."

"मंग कोनाले सांगू?"

"ज्याहीच्या म्होरं मान हालवली, त्याहीले."

त्याच्या बायकोनं त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. तो बरोबर बोलत होता. घरात येऊन हळूच चूक कबूल करणं सोपं असतं. त्याला धक्के घरात बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेले. आमच्याकडे बाया पाराला लांबून वळसा घालून जातात. गडी माणसं चहा पीत होती. मी म्हणाले, कलईवाल्याचं नाव मी दिलं होतं, चोराला काही माहीत नव्हतं, सोनं मी माझ्या हातानं दिलं आणि सुनेच्या गळ्यातलं मी जबरदस्तीनं काढायला लावलं. एक जण हसला. पुतण्या म्हणाला, "काकू, आता काऊन उकरून राह्यली? झालं ते झालं."

"तू त्याले बे म्हनलं. पाय धरून माफी मांग."

त्यानं मागितली की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मला मात्र पुढे कितीतरी दिवस पोरंसोरं डबा दाखवून विचारायची, आजी, उघडू का. मी उघड म्हणायचे.

सोनं मिळालं नाही. भावकीनं दागिने पाठवणं बंद केलं. आता महालक्ष्म्यांच्या गळ्यात खामगावच्या बाजारातल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या एक ग्रामच्या माळा असतात, आणि त्या दुरून जास्तच चमकतात. महालक्ष्म्यांना काय फरक पडतो ते मला माहीत नाही. आम्हाला पडला. पूर्वी सात घरांच्या बाया आपापला दागिना देवीच्या अंगावर कसा दिसतो ते पाहायला तिन्ही दिवस येत. आता जेवायला येतात.

मी याच्यावर पुष्कळ विचार केला आहे. फसवणारा माणूस येताना फार काही घेऊन येत नाही. त्याच्या बॅगेत चिमूटभर पावडर होती. बाकीचं सगळं आमच्या घरात तयारच होतं. ओळखीचं नाव होतं, सोवळं होतं, सण तोंडावर आला म्हणून घाई होती. सणाच्या दिवसांत दारात आलेल्याला नाही म्हणायची आपल्याला लाज वाटते, तीही होती. मी गावात फटकळ म्हणून ओळखली जाते. भाजीवाल्याला पाव किलोत फसवू देत नाही. तरी फसले, कारण माझं मलाच खरं वाटलं. भोळी माणसं फसतात म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. भोळी ज्योती होती. तिला दोनदा झाकण उघडायचं होतं.

परवा ज्योतीच्या फोनवर फोन आला. तिनं आवाज मोठा केला, कारण हात पुरणात होते. बोलणारा गोड होता. ताई, आमच्या बँकेकडून सणाची भेट लागली आहे, फक्त नाव आणि एक नंबर सांगा.

"भेट माह्या नावानं लागली ना?" ज्योती म्हणाली. "मंग माह्यं नाव तुम्हीच सांगा."

"ताई, पडताळणीसाठी लागतं. तुमचं खातं कोणत्या बँकेत आहे?"

"तेही तुम्हीच सांगा. आमची बँक म्हनता ना तुम्ही?"

तो म्हणाला, आज संध्याकाळपर्यंतच मिळेल आणि घरात कुणाला सांगू नका, नंबर गुप्त असतो. ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगू नका म्हनते, आत्याबाई." मग तिनं कोपरानं फोन बंद केला आणि पुरण वाटायला घेतलं. पोतीबद्दल ती मला सहा वर्षांत एका शब्दानं बोललेली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटावं हे काही तिचं काम नाही.

हबीबभाई त्यानंतर दोन भाद्रपद आमच्या गावात आला नाही. मी गंज ऑटोत घालून पिंपळगावला नेत होते. तो कलई करून द्यायचा, पैसे घ्यायचा, माझ्याशी कामापुरतं बोलायचा. तिसऱ्या वर्षी पोळ्यानंतर तो आमच्या दारात दिसला. गुडघ्यांवर पट्टे, खांद्यावर भाता, एका हातात पेटी. ज्योतीनं पाट मांडला. तो ओसरीत चढला नाही, ओझंही खाली ठेवलं नाही.

"बाई, पह्यले फोन लावा."

"कोनाले?"

"मले. ज्योतीबाईपाशी माहा नंबर आहे. माह्या खिशात वाजला तं मी. नाही वाजला तं हाकलून द्या. माह्यं नाव घेऊन कोनीही आलं तं पह्यले मले फोन, आता म्या समद्या गावांत असंच ठेवलं आहे."

"काहीतरीच काय, हबीबभाई? तुमचं तोंड ओळखतो मी."

"तोंड तं तवाही ओळखत होत्या, बाई."

ज्योतीनं फोन लावला. त्याच्या खिशात तो वाजायला लागला. त्यानं तो बंद केला नाही. शेजारपाजारच्या बाया दारात आल्या, समोरच्या ओट्यावरचे लोक इकडे पाहायला लागले, तोपर्यंत त्यानं तो वाजू दिला. मग भाता खांद्यावरून उतरवला आणि म्हणाला, "आना भांडे."